माझ्यावरची पांढरी रेघ

मी बॉयलरची काच बोलतेय. बोटाएवढी जाड, हातभर लांब नळी. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते बाहेरून दिसावं, म्हणून मला बसवतात. एवढं एकच काम, तेही मला धड जमलं नाही. म्हणून तोंड वर करून बोलवत नाही.

मी भट्टीत जन्मले. वाटलं होतं, आता आगीचं काय भय? पण लाँड्रीतल्या बॉयलरवर बसले आणि वाफ लागली. कढत वाफ माझ्या वरच्या भागात भरायची, थेंब होऊन अंगावरून ओघळायची, आणि जाताना माझा कणभर थर घेऊन जायची. खाली पाण्यात मी नितळ राहिले. वर पांढुरकी होत गेले.

बॉयलर सांभाळणाऱ्या थोरल्याला तो मळ वाटला. सुट्टीच्या दिवशी मला उतरवून तो लिंबाने घासत बसायचा. कपड्यांच्या गाड्या ढकलणारा त्याचा धाकटा भाऊ चिडवायचा, "दादा, घरातला तांब्या कधी घासलास का? वहिनीला सांगू?"

"तांब्यावाचून बॉयलर अडत नाही. गप गाडी ढकल."

मळ नव्हताच. मीच झिजले होते. पांढुरकेपणा संपायचा तिथे एक रेघ उमटली होती, हुबेहूब पाण्याच्या पातळीसारखी.

त्या दुपारी बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडला. पाणी उतरत गेलं. थोरला येऊन माझ्याकडे बघून गेला, परत येऊन बघून गेला. त्याला रेघ दिसली, त्याला ते पाणी वाटलं. बॉयलरच्या पोटातल्या लोखंडी नळ्या कोरड्या तापून फाटल्या. बॉयलरखालच्या भट्टीच्या दारातून वाफ सुटली आणि दारासमोर तोच होता. मला ओरखडाही आला नाही.

मालक म्हणाले, "डोळा लागला असणार त्याचा." मग सगळेच तसं म्हणू लागले.

धाकट्याने मला उतरवून घरी नेलं.

"हे कशाला आणलंस?" वहिनी म्हणाली.

"पुसून बघ."

तिने ओल्या फडक्याने पुसलं, नखाने खरवडलं. मग खिडकीच्या उजेडात धरलं.

"आत पाणी आहे का रे?"

"नाही वहिनी. रिकामी आहे."

ती मला हातात घेऊन तशीच खाली बसली. म्हणाली, "म्हणजे हे झोपले नव्हते."

उद्या दोघं मला मालकांपुढे ठेवणार आहेत. ठेवा. लाँड्रीतल्या एकेकाच्या डोळ्यांपुढे धरा. नंतर मात्र फोडून टाका. त्याच्या फोटोशेजारी मला ठेवू नका. शेवटी तो माझ्याकडेच बघत होता, आणि मी त्याला नसलेलं पाणी दाखवलं.