हरकतीचा आठवडा

दादा आणि मी एकाच आईची लेकरं, एकाच धंद्यातली, तरी एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. भांडण कशावरून, तर ब्लॉकचेनवरून. मुख्य ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक वहीवर, गर्दी झाली की व्यवहार रखडतात, म्हणून तिच्या जोडीला वेगळी, जलद नेटवर्कं उभी करतात. एक माझ्या कंपनीचं, एक त्याच्या. कुणाचं चांगलं यावरून जेवताना जुंपली आणि तो भरल्या ताटावरून उठला, तो थेट दुसऱ्या शहरात. फोनही उचलेना. गाढव आहे, पण मला भाऊ तो एकच.

पुढे दोन्ही कंपन्यांना शहाणपण सुचलं आणि नेटवर्कं जोडायचं ठरलं. दोन्हींना जोडणाऱ्या ब्रिजचं इकडचं टोक माझ्या गळ्यात पडलं, तिकडचं त्याच्या. चाचणीच्या संदेशात सगळे 'टेस्ट' लिहितात. मी लिहिलं, 'दादा, घरी कधी येतोस? आई वाट बघते.'

आमच्याकडून तिकडे काही मिनिटांत पोचतं. तिकडून यायला मात्र आठवडा. त्यांचा नियमच तसा: निघालेला संदेश आधी खरा धरायचा, आणि कुणाला खोटा वाटला तर हरकत घ्यायला आठवड्याची मुदत द्यायची. जेवताना मी त्याला याच नियमावरून डिवचलं होतं.

दुपारी त्यांच्या नेटवर्कवर त्याचं उत्तर निघालेलं दिसलं. 'येतो.'

"आठवड्यानं पक्कं होईल," मी आईला सांगितलं.

तिनं लगेच त्याची गादी उन्हात टाकली. शेजारणीला सांगून झालं. रोज मी घरात पाऊल टाकलं की विचारायची, "घेतली का गं कुणी हरकत?"

"नाही."

"कोण घेणार म्हणा."

मुदत संपली, संदेश पोचला, ऑफिसात टाळ्या पडल्या. घरी आई दार उघडं टाकून बसली होती. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"पक्कं झालं म्हणालीस ना?"

"आई, त्यानं 'येतो' लिहिलं, एवढंच पक्कं झालं. येणार की नाही, ते कुठलंच मशीन तपासत नाही."

मला तो हवा होता. समोर बसून भांडायला का होईना, पण हवा होता.

आईनं गादीवरची चादर काढली, घडी घातली.

"पुन्हा विचार त्याला."

"पुन्हा तेच लिहील तो."

"लिहू दे की," ती म्हणाली. "तेवढाच आठवडा बरा जातो."