हापशाचा पाना

सकाळपासून सुभद्राबाईच्या हापशाच्या कट्ट्याला चार चकरा झाल्या होत्या. पहिल्या चकरेत तिने कट्टा झाडला, दुसऱ्यात धुतला, तिसऱ्यात झाकणाच्या चारी नटांना तेलाचं बोट लावलं. चौथ्या चकरेला करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती नुसती उभी राहिली आणि कमरेला खोचलेला लोखंडी पाना चाचपत राहिली.

कुरुळीच्या या जुन्या विहिरीवर दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मंडळाने सिमेंटचा स्लॅब टाकून हापसा बसवून दिला होता. लोकांच्या देणग्यांवर चालणारं मंडळ. गावोगाव चांगलं पाणी द्यायचं, संडास बांधायचे, पोरांना हात धुवायला शिकवायचं, हे त्यांचं काम. स्लॅबमध्ये माणूस उतरेल एवढं भोक ठेवलेलं, त्यावर लोखंडी झाकण, झाकणाच्या कडेला डांबरात बुडवलेली सुतळी आणि वरून चार नट. सुभद्राबाईचं घर विहिरीला लागून, म्हणून मिस्त्रीने जाताना पाना तिच्या हातात दिला होता. "आक्का, हापसा अडला तरच झाकण उघडायचं. एरवी कुणीबी येऊ दे, उघडायचं न्हाई," असं बजावूनही गेला होता. त्या दिवसापासून ज्या बाईला गावात कुणी काही विचारत नव्हतं, तिला वाटेत थांबवून बायका बोलू लागल्या. एरवी पाना नवऱ्याच्या फोटोखालच्या खुंटीला टांगलेला असे, आज तो तिने कमरेला खोचला होता.

आज मंडळाचा माणूस यायचा होता. उद्धवराव म्हणून एक ओव्हरसियर होते, नोकरीतून निवृत्त झालेले. मंडळाने केलेल्या कामाचा खरोखर उपयोग झाला का, ते त्यांनी हिंडून बघायचं आणि लिहून द्यायचं. त्यांच्या लिहिण्यावर मंडळ ठरवणार होतं की पुढच्या गावांना हापसे द्यायचे की नाही. पुढच्या गावांत पहिलं नाव निघोज्याचं होतं.

निघोज्यात सुभद्राबाईची लेक रुक्मी दिलेली. कोसावरचं गाव, इंद्रायणीच्या काठाला, आणि प्यायला नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी. गेल्या आषाढात रुक्मीचा चौदा महिन्यांचा पोरगा हगवणीने दोन दिवसांत गेला. सुभद्राबाई पोचली तेव्हा त्याची कुंची दोरीवर वाळत होती. आता रुक्मीला पुन्हा सातवा महिना लागला होता, आणि सुभद्राबाईच्या पायांना घरात थारा नव्हता.

मारुतराव पाटलांनी आदल्या दिवशी चावडीपुढे सगळ्यांना गोळा करून पढवलं होतं. "सायबानं काय बी इचारलं तरी जाब एकच. गावात कुनाला हगवण न्हाई, ओकारी न्हाई, शिंक सुदिक न्हाई. हापसा आला आन् गाव ठणठणीत झालं."

"पाटील, आन् तुमच्या संडासात कडबा भरलाय, त्याचं काय?" भिमाजी मागून ओरडला होता.

"कडबा सकाळीच काढला. आता वापरात हाय म्हनायचं."

"मग वास कुठनं आणायचा?"

चावडी हसून हसून लोळली होती. सुभद्राबाई तेवढी हसली नव्हती.

उद्धवराव दहाच्या सुमाराला आले. अंगाने वाळकी काठी, काखेत छत्री, खांद्याला खाकी पिशवी. त्यांनी ना हार घेतला ना पाटलांकडचं जेवण. सरळ पहिल्या घरापासून सुरुवात केली. घरात पोरं किती, पाणी कशात भरता, झाकता का, श्रावणात कुणाला जुलाब झाले का. प्रत्येक दारात तेच उत्तर मिळत गेलं. कौशल्याबाईच्या मांडीवरच्या पोराच्या हातापायांच्या काड्या झालेल्या, पण ती म्हणाली, "न्हाई वो साहेब, ह्यो जल्मापसनंच बारीक हाय." सुभद्राबाईच्या दारात आले तेव्हा तीही म्हणाली, "न्हाई." म्हणताना तिने नजर त्यांच्या छत्रीवर ठेवली होती.

मग ते विहिरीवर गेले. स्लॅबवर गुडघे टेकून चारी बाजूंनी भेग शोधली. नट हाताने हलवून बघितले. नट जागचे हलले नाहीत.

दुपारी ते सुभद्राबाईच्या ओट्यावर टेकले. तिने तांब्याभर ताक दिलं. ते प्यायले आणि तांब्या तिच्या हातात दिला.

"हापसा तुम्हीच सांभाळता ना?"

"व्हय जी."

"उत्तम ठेवलाय. इतक्या गावांत हिंडलो, इतकं घट्ट झाकण नाही पाहिलं." त्यांनी उसासा टाकला. "त्यामुळेच तर पंचाईत झाली आहे."

"का वो?"

"तुमचं गाव मला सांगतंय की कुणी आजारी नाही. पण चाकणच्या दवाखान्यातला कंपाउंडर मला सांगतो, पहिल्या वर्षी कुरुळीची पोरं त्याच्याकडे फिरकलीच नव्हती, आणि यंदाच्या श्रावणात तुमची एकोणीस पोरं त्यानं तपासली. जून महिन्यात आमच्या माणसानं या हापशाचं पाणी बाटलीत भरून पुण्याला तपासायला नेलं होतं. त्यात घाण निघाली, शेणामुताची घाण."

सुभद्राबाईने रिकामा तांब्या बाजूला ठेवला. ती पदराने ओटा पुसू लागली.

"आता बघा," उद्धवराव बोटाने धुळीत एक गोल काढत म्हणाले, "विहीर वरून बंद आहे. झाकण घट्ट आहे. तरी घाण आत येते. मग ती खालूनच येत असणार. ही नदीकाठची जमीनच पाझरणारी. अशा जमिनीत विहीर झाकून उपयोग नाही. मला तसंच लिहावं लागणार. या पट्ट्यात हापसे बसवू नका, त्याऐवजी दुसरं काही करा."

"आन् निघोजं?"

"निघोजं तर नदीला अगदी लागूनच की. तिथलं काम आधी थांबेल."

ते उठले आणि हातपाय धुवायला हापशावर गेले. सुभद्राबाई ओट्यावरच बसून राहिली. घाण कुठून येत होती, ते तिला ठाऊक होतं. झाकण उघडलं जातं हे सबंध गावातल्या बायकांना ठाऊक होतं, फक्त त्याचा पोरांच्या दुखण्याशी संबंध कुणी जोडला नव्हता.

विहिरीत आसरा राहतात, पाण्याच्या सात बहिणी. बाळंतिणीचं बारावं झालं की तिने विहिरीवर यायचं, आसरांना हळदकुंकू, खण, घुगऱ्या आणि नारळ सोडायचा, आणि पाण्यात स्वतःचं तोंड बघायचं. त्याशिवाय तिने घागरीला हात लावायचा नाही, चुलीचं पाणी भरायचं नाही. विहिरीवर स्लॅब पडला तेव्हा गड्यांना याची आठवण झाली नाही, आणि बायकांना कुणी विचारलं नाही. वर्षभर नड पडली ती बाळंतिणींनी माहेरी जाऊन भागवली. मग अंबुबाईची सून आली. माहेर लांब उस्मानाबादकडे, पोर वीस दिवसांचं, घरात पाणी भरायला दुसरं कुणी नाही. अंबुबाई पाया पडली. सुभद्राबाईने पाना काढला. झाकण उघडलं, त्या पोरीने पाण्यात तोंड बघितलं, झाकण लावलं. त्यात काय बिघडलं? मग दुसरी आली, तिसरी आली. दर वेळी नट तिने अंगातलं बळ लावून आवळले. डांबराची सुतळी मात्र पहिल्याच खेपेला तुटली होती. ती कशासाठी होती हे तिला कळलं नव्हतं, म्हणून तिने ती चुलीत घातली. सुतळीच्या जागी झाकणाखाली वरून न दिसणारी फट राहिली, आणि कट्ट्यावर गुरं धुतलेलं पाणी त्या फटीतून आत उतरत राहिलं.

"सुभद्रे," कुणीतरी दबक्या आवाजात हाक मारली. मंजुळाबाई होती, वाडीवस्तीवरच्या सगळ्या बाळंतपणांची म्होरकी. "मंगळवारी माझ्या सुनेचं बारावं हाय. झाकण उघडायचं ध्येनात हाय न्हवं?"

"आत्याबाई, हळू बोला. सायेब हापशावर हायती."

"मग काय झालं? त्येला काय बाळंत व्हायचंय?" मंजुळाबाई आपल्याच बोलण्यावर खुदकली आणि निघून गेली.

सुभद्राबाई घरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. चुलीवर भात टाकला आणि खाली जाळ घालायचा विसरली. सांगितलं तर पाना जाणार आणि मान जाणार. एकोणीस पोरांच्या आया दारात उभ्या राहणार. कौशल्याबाईला काय तोंड दाखवायचं? नाही सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही. फक्त रुक्मी आठव्या महिन्यात, नवव्या महिन्यात, वाळू उकरून पाणी भरत राहणार, आणि मग तेच पाणी पोराच्या तोंडाला लावणार.

तिने बाहेर बघितलं. उद्धवराव छत्री उघडून सडकेच्या वाटेला लागले होते. तीनची एसटी गाठायची होती त्यांना.

सुभद्राबाई धावली. या वयात ती कधी गावातून धावली नव्हती. "सायेब! ओ सायेब! मागं फिरा!"

"काय राहिलं का?"

"व्हय. माझंच राह्यलं."

तिने त्यांना सरळ विहिरीवर आणलं. कमरेचा पाना काढला. पहिला नट फिरवला तसे भिमाजी आणि दोनचार बायका जवळ सरकल्या. चौथा नट निघाला आणि तिने झाकण बाजूला ओढलं.

उद्धवराव वाकले. आत अंधार होता. मग डोळे सरावले तसं खाली पाण्यावर एक खण तरंगताना दिसला. दोन नारळ, एक फुगून फुटलेला. कडेच्या दगडांवर शेणट पाण्याचे हिरवे ओघळ, झाकणाच्या फटीपासून खालपर्यंत सरळ उतरलेले.

"जमिनीनं काय बी केल्यालं न्हाई," सुभद्राबाई म्हणाली. "सात येळा उघडलंय म्या. पयलं मागल्या पौषात, अंबुबाईच्या सुनंसाठी. मग वेशीतल्या घरच्या थोरल्या सुनंसाठी. कुणाचं पोर कंच्या तिथीचं, समदं सांगते. लिवून घ्या. त्याच्या आदी एक बी पोर चाकणला गेलं नव्हतं."

"सुभद्रे!" मंजुळाबाईने कपाळावर हात मारला. "आमच्या आसरा अशा परपुरुषापुढं मांडल्यास! तुला काय म्हनावं?"

मागे कौशल्याबाई उभी होती. तिने पोराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाठ फिरवून निघून गेली. तिचं ते पाठ फिरवणं सुभद्राबाईला मंजुळाबाईच्या सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

उद्धवराव पिशवीतून वही काढून कट्ट्यावर मांडी घालून बसले. एकेक पोर, एकेक तिथी विचारत गेले. पाझरणाऱ्या जमिनीबद्दल आधी लिहिलेलं पान त्यांनी आडवी रेघ मारून खोडलं. मग मान वर केली. "पण बाई, निघोज्यालाही बाळंतिणी आहेतच. तिथेही झाकण उघडणार की."

"उघडायची गरजच काय पडावी?" सुभद्राबाई बोलत गेली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं. "हापशाचं पाणी पडतं तितं एक दगडाची कुंडी करा. आसरांचे सात दगड कुंडीपाशी मांडा. पाणी इहिरीचंच हाय न्हवं? त्यात तोंड दिसल की."

"कुंडीत आसरा कशा येतील?" मंजुळाबाई फणकारली.

"हापसून आणू, आत्याबाई. चार हात जास्ती मारू."

भिमाजी हसला, मग दोन बायका हसल्या. मंजुळाबाई हसली नाही, पण गेलीही नाही.

सडकेवर एसटीचा भोंगा वाजला. उद्धवराव लगबगीने उठले. "मी हे सगळं लिहीन. पण ठरवणारं मंडळ आहे, शब्द देत नाही."

सुभद्राबाई त्यांच्याबरोबर सडकेपर्यंत गेली. गाडी थांबली. ते चढले तसा तिने खिडकीतून पाना त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अहो, हे काय? उद्या हापसा बिघडला तर?"

"निघोज्याला तुमचा मिस्त्री येईलच की. त्याच्याजवळ द्या. म्हनावं, जाता जाता कुरुळीचं झाकण बसवून जा, नवी सुतळी लावून. तवर आमी पाणी उकळून पिऊ."

"मी म्हणालो ना, शब्द देत नाही."

"पाना तरी परत द्याल न्हवं?"

गाडी हलली. उद्धवरावांनी पाना खिडकीबाहेर काढला, पुन्हा आत घेतला, आणि धुरळ्यात ते दिसेनासे झाले.

सुभद्राबाई तिथेच उभी राहिली. रिकाम्या कमरेवर हात सारखा जात होता. मग तिला मंगळवार आठवला. चार दिवस राहिले होते, विहीर उघडी होती, आणि कुंडीला एक दगड अजून जागचा हललेला नव्हता. आधी झाकण ओढून त्यावर धोंडा ठेवायला हवा होता, आणि मग, कौशल्याबाईचं दार.

ती गावाकडे वळली. पहिली पावलं सावकाश पडली, नंतरची भरभर.