मला कडबा म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुना गवताचा ठोकळा आहे. मोबाइलवरच्या ठोकळ्यांच्या खेळात मी राहतो. मला पावसाने कुजायची भीती नाही की म्हशीने खायची. अशाला कसली आली लाज, असं तुम्ही म्हणाल. पण मला वाटते, आणि चांगलीच वाटते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे बिरुदेवांचं घर आहे. ते टॉवेलच्या मागावर कामाला जातात. त्यांची मुलगी प्रियदर्शनी पाचवीत आहे. तिने खेळात गहू पिकवला, त्याच्या पेंढ्या एकत्र केल्या आणि मी तयार झालो. मेंढरं राखणाऱ्या आजीच्या तोंडून ऐकलेला एक शब्द तिला आठवला आणि तिने माझं नाव ठेवलं कडबा. शब्द तेवढा तिला ठाऊक होता. कडब्याला हात लावायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

आमच्याकडे पडण्याचे नियम पक्के असतात. कोंबडी पंख फडफडवत खाली येते, तिला काही होत नाही. मांजरही सुखरूप उतरतं. बिचाऱ्या मेंढराचं मात्र तसं नाही. तीन ठोकळ्यांपर्यंत ते निभावून नेतं, त्यापुढे मार बसतो, अंग लाल होतं. फारच उंचावरून पडलं तर ते नाहीसं होतं आणि मागे लोकर नि मटण उरतं. प्रियदर्शनीचं पहिलं मेंढरू असंच तिने खेळात बांधलेल्या बुरुजावरून पडून गेलं, तेव्हा ती जेवलीसुद्धा नाही.

मग तिने बुरुजाखाली मला ठेवलं. दुसरं मेंढरू माझ्यावर पडलं, उठलं आणि चरायला लागलं. "माझ्या कडब्यानं वाचीवलं," असं तिने साऱ्या गल्लीला सांगितलं. मी फुशारलो. खरं सांगायचं तर पडण्याच्या माराचे पाचातले चारच भाग मी पोटात घेतो. पाचवा मेंढराला बसतोच. पण कौतुक चाललेलं असताना त्या पाचव्या भागाचं कोण बोलतो?

उन्हाळ्यात तिची आजी केराबाई एक पोरकं कोकरू घेऊन आली. बाटलीने दूध पाजून ते जरा धडधाकट झालं की परत कळपात न्यायचं होतं. प्रियदर्शनीला ते अजिबात जायला नको होतं. एका दुपारी ती त्याला खांद्यावर टाकून लोखंडी शिडीने गच्चीवर आली. तिने खेळ चालू ठेवूनच मोबाइल कठड्यावर ठेवला. इतक्यात खालून आजीने हाक मारली. कोकरू घेऊन ती उतरायला गेली, तर शिडी डुगडुगली. ती घाबरून मागे फिरली. खाली भिंतीलगत शेजारच्या निंगप्पांनी म्हशीसाठी कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या.

"कडबा हाय की खाली," ती माझ्याकडे बघून म्हणाली आणि तिने कोकराला सोडलं.

कोकराचा पुढचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन प्लास्टर घातलं. आजी रागावली नाही. तिने नातीचा तळहात धरून पेंढीच्या कापलेल्या धांड्यांवर दाबला.

"मऊ लागतंय व्हय गं?"

"न्हाय. टोचतंय."

"मग मऊ हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

प्रियदर्शनीने मोबाइलकडे पाहिलं. तिने माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आता प्लास्टर निघालं आहे. कोकरू लंगडतं. "कळपामागं चालणं न्हाय हुयाचं त्याच्यानं. राहू दे हितंच," असं सांगून आजी एकटीच परत गेली. प्रियदर्शनीला हेच तर हवं होतं. पण त्या दिवशी कोकराला दूध पाजताना ती त्याच्या पायाकडे बघत नव्हती.

खेळ तिने अजून सोडलेला नाही. बुरुजाला तिने एकेका ठोकळ्याच्या पायऱ्या बांधल्या आहेत आणि मेंढरांना ती तिथूनच उतरवते. मी अजून खालीच आहे, माझ्यावर आता कुणी पडत नाही. मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुणाचा जीव हातातून सोडण्याआधी खाली काय आहे, त्याला एकदा हात लावून बघा. माझ्या अंगाला हात लावता येत नाही. कडब्याला येतो.