गालावरचा ठिपका

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मलाच शंका वाटते. पण त्या एका तासाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही.

कारखान्यातून शाळेत आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मला हात लावायचीही मुलांना बंदी होती. पुढे जाळीतून पोटात धूळ शिरली. माझ्या प्रत्येक चित्रावर एक काळसर ठिपका उमटू लागला आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

तिथून मला इंग्रजीच्या बाईंनी उतरवले. त्या मुलांना मीम दाखवत. मीम म्हणजे फोनवर फिरणारे गमतीचे चित्र आणि त्यावरची एखादी ओळ. ओळ शब्दकोशातून कळते, पण हसू का आले ते कळायला त्या माणसांचे घर कळावे लागते, असे बाई म्हणत.

मुख्याध्यापकांना ते पटत नव्हते. "बाई, हा पोरखेळ पुरे. उद्या मी वर्गात बसतो. मुलं काही शिकली नाहीत, तर मीमही बंद आणि हा डबाही भंगारात."

दुसऱ्या दिवशी ते मागच्या बाकावर बसले. बाईंनी चित्र लावले. एक आजोबा एकटेच जेवत आहेत, टेबलावर एकच ताट, चेहऱ्यावर रुंद हसू आणि वर इंग्रजीत ओळ, 'अखेर घर रिकामं झालं!' माझा ठिपका नेमका त्यांच्या गालावर पडला.

"अरेरे, रडतायत बिचारे!" भोंगा म्हणाला. आवाजामुळे त्या मुलाचे नावच भोंगा पडले होते. "पोरांनी टाकलेलं दिसतंय."

तेवढ्यात दूरदेशाहून आलेली नवी मुलगी खुदकन हसली. दोन महिन्यांत ती वर्गात चकार शब्द बोलली नव्हती.

"हसतेस काय? तुमच्याकडे म्हाताऱ्यांना असंच टाकतात वाटतं?" भोंगा तिच्यावर खेकसला.

तिची मान खाली गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सारा घोळ माझ्या ठिपक्याने केला होता! त्यात दिवाही लुकलुकू लागला. पण काही झाले तरी आज विझायचे नाही, असा मी हिय्या केला.

बाईंनी चित्र जरा सरकवले. ठिपका गालावरून ताटात गेला. "आता सांगा."

"तरी बिचारेच," भोंगा म्हणाला. "एकट्याला घास तरी उतरतो का?"

म्हणजे ठिपका एकट्या माझ्याच पोटात नव्हता!

"तू का हसलीस, बाळ?" बाईंनी नव्या मुलीला विचारले. बाई तिच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत.

"माझे आजोबा... असेच," ती अडखळत बोलली. "रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जायचो. दोन तास झाले की विचारायचे, निघताय कधी?"

वर्ग खो खो हसला. या वेळी ती एकटी हसत नव्हती.

"आता मी इतकी लांब आले, तर फोनवर विचारतात, येतेस कधी?"

कुणी हसले नाही. भोंगा हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे हसूही खरं, आणि बिचारेही खरे?"

"ओळ पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. त्याने वाचली. तेच इंग्रजी शब्द, पण सूर निराळा होता.

घंटा झाली. मुख्याध्यापक पुढे आले. "डबा राहू द्या," ते म्हणाले आणि खिशातून फोन काढून घुटमळले. "बाई, माझ्या लेकीनं परदेशातून हे चित्र पाठवलंय. चार दिवस मला वाटतंय, ती रागावलीय. जरा मोठं करून दाखवता?"

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची जाळी पुसत जा. आणि दुसऱ्याच्या घरातले चित्र पाहून हसण्या-रडण्याआधी ते जरा सरकवून पाहा. माझा दिवा आता थोडाच उरला आहे. पण आधी त्या लेकीचे चित्र भिंतीवर लावायचे आहे. तोवर मी विझणार नाही.