तीन रेघा आणि एक गोल

मित्रांनो, आधी काकूंचा फायदा मांडतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्यांना मागच्या अंगणात शोषखड्डा हवा होता, पुरुषभर खोल, सांडपाणी मुरवायला. नवऱ्याने खणला असता तर मजूर शोधायची कटकट वाचली असती. पण नवरा कित्येक वर्षं नुसतं "बघू" म्हणत होता.

मी त्याच अंगणातला धुण्याचा दगड. डोंगरातून सुरुंगाने सुटलो, पाथरवटाने पाठ सपाट केली आणि काकूंच्या लग्नानंतर लगेच या घरी आलो. चादरी आपटल्या, सतरंज्या तुडवल्या. मी हूं की चूं केलं नाही. काकू शिवणकाम करत. कात्री बोथट झाली की माझ्यावरच घासत, त्याच्या तीन रेघा पडल्या. बादली ठेवून ठेवून शेजारी एक गोल उमटला. "याच्यासारखी धार बाजारात लावून मिळत नाही हं," असं त्या शेजारणीला सांगत, तेव्हा मी नुसता फुलून जाई.

मग धुलाईयंत्र आलं. त्याचं पाणी अंगणभर साचू लागलं, माझ्यावर शेवाळ चढलं. तरी अधूनमधून कात्री यायची, म्हणून माझी तक्रार नव्हती.

काका निवृत्त बसकंडक्टर. रोज संध्याकाळी टीव्हीवर गुप्तधन शोधण्याचा कार्यक्रम बघत. त्यातला टोपीवाला खणायचा, धापा टाकायचा आणि धनाचा हंडा पुढच्या भागावर ढकलायचा. काकू म्हणत, "जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणालात, आता तो तुम्हाला सरकवतोय."

एकदा टोपीवाल्याने खुणेचा दगड दाखवला. तीन रेघा, एक गोल. काका चहा तसाच टाकून अंगणात धावले आणि माझं शेवाळ खरवडू लागले.

"अगं, बाहेर ये! खूण! आपल्या दारात!"

काकू आल्या. हातात कात्री होती, मित्रांनो, तीच कात्री. मला वाटलं, आता हसतील आणि सांगून टाकतील. त्यांनी कात्री पाठीमागे धरली.

"अगंबाई, हो की! पण खणायचं कुठे म्हणते मी?"

"तेच तर कळत नाही."

"रेघा त्या पाणी साचतं तिकडेच बघताहेत ना? आणि चांगलं खोल खणा हो. वरवर कोण पुरतंय?"

रविवारी काकूंचा भाऊ कुदळ घेऊन आला. दोघे कमरेइतके खाली गेले, मग गळ्याइतके. मिळाला एक गंजका चमचा.

"दाजी, धन यानेच वाढून घ्यायचं का?" मेहुणा खड्ड्यातून ओरडला.

"थट्टा पुरे. टोपीवाला म्हणत होता, धन कधी कधी दगडाच्या पोटात असतं."

दोघे माझ्याकडे वळले. मेहुण्याने घण आणला. काकू पुढे झाल्या आणि माझ्यावरून हात फिरवू लागल्या. किती वर्षांनी! मी आतपर्यंत शहारलो. आता तरी बोलतील. त्यांचं बोट एका जागी थांबलं. तिथे मला बारीक चीर होती. कपडा आपटला की तिथला आवाज वेगळा यायचा, आणि हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

"इथे मार रे," त्या भावाला म्हणाल्या. "एका घावात होईल."

झालं. माझ्या पोटात दगडच निघाला. काका एकेक तुकडा उलटून बघू लागले. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि सहज म्हणाल्या, "खड्डा पडलाच आहे, तर हे तुकडे तळाला टाका. वर विटा, रेती. अंगण तरी कोरडं राहील."

भावाने घण खाली ठेवला. "ताई, तू ना..."

"तू जेवून जा," काकू म्हणाल्या.

मी तळातून बोलतो आहे. यंत्राचं साबणाचं पाणी आता माझ्यावरूनच जातं. मित्रांनो, काम सरलं की जुन्या वस्तूला खुशाल दूर करा. पण जिची चीर तुम्हालाच ठाऊक आहे, तिच्या चिरेवर बोट ठेवून दुसऱ्याच्या हाती घण देऊ नका.

काकांनी हार मानलेली नाही. आता त्यांचा डोळा गच्चीच्या जिन्यावर आहे. मेहुण्याला जेवण मिळालं, काकूंना कोरडं अंगण. काल वरून कात्रीचा आवाज आला. ती कापड कापत नव्हती, चावत होती. तेवढी किंमत काकूंनी भरली. बाकी सगळी मी.