चौथ्या कपाची चव

ओफेलिया लोसादाने महिनाभर लसूण, मिरची, लिपस्टिक, सगळं बंद केलं होतं. नवरा म्हणाला, "नगराध्यक्ष असताना एवढं पथ्य पाळलं असतंस, तर चर्चमध्ये तुझी मूर्ती बसवली असती." तिला हसू आलं नाही.

आपली जीभ मेली असली तर? ही एकच धास्ती तिला खात होती. निवडणुकीआधी ती कॉफीच्या कंपनीत चव पारखायची, अख्ख्या जिल्ह्यात नाव होतं. मग नगराध्यक्षपद आलं आणि चार वर्षं घरोघरी गुळाची कॉफी ढोसावी लागली. दिवसाला पंधरा-वीस कप. नाही म्हणायची सोयच नव्हती. या डोंगरात कॉफी नाकारलीत की ते घर सात पिढ्या मत देत नाही. प्यायची आणि "वा, फक्कड" म्हणायचं. आता मुदत संपली होती, लागोपाठ उभं राहायला कायद्याने बंदी होती, आणि बावन्नाव्या वर्षी जुन्या नोकरीसाठी नव्याने परीक्षा.

परीक्षा घेणार फाबिओ. त्याला हे काम तिनेच शिकवलेलं, आज तोच प्रमुख. सकाळी आलेल्या तीन शेतकऱ्यांच्या मालाचे नमुने त्याने मांडले. प्रत्येकाचे पाच-पाच कप, नाव नाही, नुसते आकडे. स्वतः चाखून निकाल त्याने पाकिटात बंद केला होता. तिचा निकाल जुळला तर नोकरी, नाहीतर नमस्कार.

पहिलाच चमचा तिने सुर्रकन ओढला आणि गिळून टाकला. चव बघणाऱ्याने थुंकायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चार वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून थुंकणार कुठे?

"थुंका, बाई," फाबिओ हळूच म्हणाला. "इथे मतदार नाहीत."

कसले नाहीत? काचेपलीकडे बाकावर तिन्ही शेतकरी बसले होते, तिघेही ओळखीचे.

पहिला माल बरा वाटला, दुसरा चांगला. दोन्ही वेळा तिला वाटलं, आपण नुसते अंदाज ठोकतोय. तिसऱ्याचे तीन कप स्वच्छ लागले. चौथा चमचा जिभेवर आला आणि अंगावर काटा उभा राहिला. औषधाची चव, दवाखान्यातल्यासारखी. थुंकून तिने पाचवा घेतला, तो स्वच्छ होता, मग ती पुन्हा चौथ्याकडे आली. तीच चव. रडूच फुटायचं बाकी राहिलं, इतका तिला आनंद झाला. पाचातला एक कप बिघडला तरी अख्खा माल बाद. तिने लिहिलं: नापास.

पाकीट फोडलं, निकाल जुळला. फाबिओ म्हणाला, सोमवारपासून या, आणि बाहेर निकाल सांगायचं काम आजपासूनच तुमचं. तिसऱ्या आकड्यापुढचं नाव होतं उल्पियानो कुएयार. प्रचाराची तिची पहिली सभा याच म्हाताऱ्याच्या ओसरीवर झाली होती.

टोपी हातात घेऊन तो उभा राहिला. तिने सगळं सांगितलं: एका कपात औषधाची चव आहे, माल घेता येणार नाही, बिया धुण्याची टाकी बघा, पोती बघा.

"चार वर्षं माझ्याकडे हीच प्यायलात, बाई," तो शांतपणे म्हणाला. "दर वेळी फक्कड म्हणालात. एकदा बोलला असतात, तर टाकी तेव्हाच खरवडून काढली असती."

गुळाखालून ती चव तिला दर वेळी लागली होती. जीभ कधी मेलीच नव्हती, आणि हे तिला आतून ठाऊक होतं.

"तेव्हा मला मतं हवी होती, काका."

"मत तर मी तसंही दिलं असतं," उल्पियानो म्हणाला, आणि टोपी घालून आपली पोती उचलायला गेला.