आईच्या यादीत ताई

आई रोज संध्याकाळी सातला देवाचे आभार मानायची. पलंगावर भिंतीला टेकून बसायची, हात जोडायची आणि खणखणीत आवाजात सुरू व्हायची. तिला स्वतःला कमी ऐकू यायचं, आणि देवाचंही वय झालेलंच आहे हे ती धरून चालायची. डोळ्यांना दिसतंय, तुझी कृपा. गुडघे दुखतात पण चालवतात, तुझी कृपा. दोन वेळा गरम खायला मिळतं. मग माणसं यायची: थोरला, त्याची बायको, दोन नातवंडं, धाकटा, धाकट्याची नवी गाडी, औषधवाला, शिवाय वाचून झालेलं वर्तमानपत्र खाली पाठवणारी वरच्या मजल्यावरची बाई.

ताई कुठेच नव्हती. ताई म्हणजे दोघा भावांहून मोठी, बिनलग्नाची लेक. अकरा वर्षं आईचं सगळं तीच करत होती आणि ही यादी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासायची. आईला जे काही दिसत होतं ते ताईने घासलेल्या काचांतून, आणि गरम जेवण काही आभाळातून पडत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

एकदा न राहवून तिने विचारलं होतं, माझं नाव कसं गं नसतं कधी?

"तुझे कसले आभार मानायचे?" आई म्हणाली होती. "तू तर आहेसच."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की रागवायचीही सोय उरली नाही.

आणि मग मालकांनी दुसऱ्या शहरात नवं दुकान काढायचं ठरवलं. ते मागच्या खोलीत आले, ताईला मशीन बंद करायला लावलं आणि म्हणाले, तिकडचं सगळं काम तुम्ही बघा. हाताखाली दोन माणसं, वर राहायला खोली. सोमवारपर्यंत सांगा. बावन्नाव्या वर्षी कोणीतरी तिला तिच्यासाठी म्हणून काही विचारलं होतं. त्या दिवशी तिने एक काच उलटी बसवली.

आई म्हणाली, बघ बाई, तुझं तू. थोरला म्हणाला, आईला आमच्याकडची हवा मानवत नाही. धाकटा म्हणाला, ताई, तू खुशाल जा, फक्त आईची सोय बघून जा. म्हणजे पाण्यात उतर, पण भिजू नकोस.

ताईने चार रात्री विचार केला, आणि खरं सांगायचं तर तो विचार नव्हताच, लाचारी होती. तिला वाटलं, एवढी जागा सोडली तर आईला कळेल तरी. निदान एकदा तरी देवापुढे नाव निघेल. शहाण्या बाईने असल्या आशेवर नोकरीतली बढती घालवू नये, पण तिने घालवली. सोमवारी मालकांना नाही म्हणाली. मालकांनी दोनदा विचारलं आणि ती जागा तिनेच शिकवलेल्या मुलीला देऊन टाकली.

घरी येऊन तिने आईला सांगितलं, मी जात नाही. आई बरं म्हणाली आणि चहा मागितला.

सात वाजले. ताईने गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. डोळे झाले, गुडघे झाले, थोरला, धाकटा, गाडी. ताईने पदर मुठीत धरला.

"आणि आमची ताई," आई म्हणाली.

ताईचे डोळे भरून आले.

"चार दिवस मनातल्या मनात तुझ्याकडे एकच मागत होते, देवा. ऐकलंस रे बाबा. नाही जाऊ दिलंस तिला. तुझे उपकार मी कसे फेडू?"

ताई पलंगापाशी गेली. आईला ऐकू जावं म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं. "आई, देवाने नाही. मी नाही म्हटलं. मी."

आईने जोडलेले हात न सोडता तिच्याकडे पाहिलं. पोर अजून कशी अडाणी राहिली, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"अगं, पण नाही म्हणायची बुद्धी तुला कोणी दिली?"

एवढं बोलून तिने विचारलं, जेवायला अजून किती वेळ आहे.